तू उठून गेलास त्या चढाईबद्दल

घमापुर, जबलपूर
२ मे १९९३

प्रिय चंद्रशेखरदादास,

लताचा सप्रेम जयभीम. वहिनींनाही सांग.

घमापुराहून राइट टाउनला पोस्टानं पत्र पाठवणारी बहीण जबलपुरात दुसरी नसेल. ऑटोत बसले तर चहा निवायच्या आत तुझ्या दारात उभी राहीन. पण फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस, तसं दारही लावून घेशील. आणि मग तुझ्या त्या शांत गल्लीत मी काय काय बोलेन याचा मलाच भरवसा नाही. कागदावर बरं असतं. तुला मला मध्येच तोडता येत नाही आणि मला ओरडता येत नाही.

इकडचं सगळं ठीक आहे. ऊन मी म्हणतंय. आईचे गुडघे उन्हाळ्यात जरा वळणावर असतात, त्यामुळे ती सकाळी विहारापर्यंत एकटी जाऊन येते आणि आल्यावर कोण भेटलं, कोण भेटलं नाही याचा पाढा वाचते. माझी फॅक्टरीतली पाळी बदलून सकाळची झाली, म्हणजे संध्याकाळ अख्खी मैदानावरच्या पोरींना देता येते. कैरीचं लोणचं घातलं. तुझी बरणी वेगळी काढून ठेवली आहे. द्यायची की नाही ते हे पत्र लिहून झाल्यावर ठरवीन.

तुझी लतिका सुखरूप आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण तूही आधी तेच विचारायला हवं होतंस.

तू मात्र ड्रायव्हरच्या तोंडी निरोप पाठवलास. नथ्थू बिचारा उंबऱ्याबाहेर उभा राहून शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, "दीदी, साहब ने कहा है, बेबी को भेज दीजिए. कबड्डी आज से बंद. और बुद्धपूर्णिमा के दिन विहार में सबके सामने माफी माँगेगी." मी विचारलं, "माफी काहे की?" तर म्हणाला, "वो तो साहब ने नहीं बताया, दीदी." मी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. माफी कशाची हे त्याला माहीत नव्हतं. तुला तरी स्वतःच्या तोंडानं सांगता येईल का, याचा विचार मी त्या दिवसापासून करते आहे.

तू सामना अर्धा सोडून गेलास, तेव्हा पुढं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. सुरुवातीपासून सांगते. तू मैदान सोडूनही बरीच वर्षं झाली आहेत, नियम आठवत नसतील.

विभागाची फायनल, समोर सागरच्या मुली. चांगल्या उंच-धिप्पाड, बघूनच आमच्या दोघीतिघींचं अवसान गेलं होतं. तरी गुण बरोबरीत आणले आणि शेवटची चढाई आमच्याकडे आली. मी लतिकाला पाठवलं. दुसरी कुणी पाठवण्यासारखी नव्हतीच. तू पहिल्या पायरीवर बसला होतास, शेजारी तुमच्या गल्लीतले ते वकीलसाहेब आणि ऑफिसातले दोघं. तूच त्यांना घेऊन आला होतास, मुलीचा खेळ दाखवायला. मी दोरीपाशी उभी होते, मला तुझा आवाज येत होता, "शाबास बेटा, शाबास!" दादा, इतक्या वर्षांत मी तुला असं ओरडताना ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

लतिकानं डाव्या कोपऱ्यातलीला हात लावला आणि वळली, तर त्यांच्यातल्या जाडीनं तिचा घोटा धरला. वरून आणखी दोघी पडल्या. मधली रेघ हातभर लांब. पोरीचं तोंड मातीत, छातीवर ओझं, आणि तोंडानं कबड्डी-कबड्डी चालू. ते थांबलं की दम तुटला, बाद. ते चालू ठेवून तिनं हात लांब केला. आणि तिथं, अगदी शेवटच्या श्वासाला, तिच्या तोंडून कबड्डी जाऊन "बुद्धं सरणं गच्छामि" निघालं. एकदा नाही, सलग. धम्मं, संघं, पुढं दुसऱ्यांदा, दुतियम्पि. तोंडातली माती थुंकत, मोठ्यानं, सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं. म्हणत म्हणत तिनं रेघेला हात लावलासुद्धा!

पंचानं शिट्टी मारली. त्याचंही बरोबर. चढाईत कबड्डीखेरीज दुसरा शब्द चालत नाही, त्यानं तिला बाद दिलं. एका गुणानं हरलो. सागरच्या मुली आधी बावचळल्या, मग हसल्या, मग त्या जाडीनंच लतिकाला हात देऊन उठवलं. हरण्याचं दुःख पोरींना होतं तेवढं होतं. गोळ्या चोखत त्या ऑटोत बसल्या आणि घमापुर येईपर्यंत एकमेकींच्या चुका काढून भांडायलाही लागल्या.

लतिकानं मात्र उठून उभी राहिल्यावर पहिल्यांदा पायऱ्यांकडे बघितलं होतं आणि तिला तुझी पाठ दिसली होती.

ऑटोतून उतरल्यावर तिनं विचारलं, "आत्या, मी काय गलत बोलली? गाली तर नाही दिली ना?" मी म्हटलं, नाही. "मग पापा उठून काहून गेले?" मी म्हटलं, काम असेल. "मी आज तिकडे नाही जात," ती म्हणाली, आणि आईजवळ जाऊन झोपली.

आता तुझ्या निरोपातल्या माफीबद्दल. पोरीनं धम्माचा अपमान केला, विहारातली माणसं दुखावली, असंच तुझं म्हणणं असणार. मी म्हटलं, बघू तरी कोण दुखावलंय. बाबारावांकडे गेले. विहाराचं सगळं तेच बघतात, आणि बाबांबरोबर एकाच दिवशी फॅक्टरीत लागलेले ते शेवटचे आहेत. त्यांना सगळं सांगितलं. म्हातारा आधी ऐकत राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला.

"अवो लता," ते म्हणाले, "पोरीचा जीव चालला होता, तवा तिच्या तोंडून शरण निघालं. आता मले सांग, काय निघाले पाहिजे होतं? अन् हे मुळात शिकवलं कोनं? तुह्या बापानं, लक्ष्मणनंच ना! त्यानं आमच्या साऱ्या पोट्ट्यायले असाच दम शिकवला. तुह्या भावालेही."

तुला आठवत नाही म्हणू नकोस. विहाराच्या मागचं ते मैदान, बाबा पाळीवरून यायचे, अंगाला ग्रीसचा वास. आधी पूर्ण त्रिशरण एका श्वासात म्हणायचं, तिसऱ्या वेळच्या ततियम्पिपर्यंत, मगच चढाईला जायचं. ज्याचा श्वास मध्ये तुटला तो त्या दिवशी नुसता पकडीला. बाबांचं म्हणणं साधं होतं, की घड्याळ कुणाकडे नाही आणि त्रिशरण सगळ्यांना येतं. तुझा कधी तुटायचा नाही. तू ततियम्पि संपवून वर आणखी "साधू, साधू, साधू" म्हणायचास आणि ऐटीत मैदानात शिरायचास. त्या दिवसांत मला वाटायचं, माझ्या दादासारखी छाती कुणाची नाही.

तेच मी या पोरींना शिकवते. हो, मीच शिकवलं, आणि उद्याही शिकवीन. यात बौद्ध-बिगरबौद्ध काही नाही. गोहलपुरच्या वेल्डरची नसरीन आमची सगळ्यात चांगली पकडवाली आहे, तिलाही ततियम्पिपर्यंत येतं. एकदा तिच्या अब्बांनी ते ऐकलं आणि दुकान बंद करून मैदानावर आले. मी मनात म्हटलं, झालं, आता पोर गेली. ते म्हणाले, "बहनजी, ये क्या पढ़वाती हैं?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "साँस बढ़ती है इससे?" म्हटलं, बढ़ती है. "तो पढ़ने दीजिए. लेकिन अँधेरे से पहले घर भेजिएगा." तेव्हापासून नसरीनला मी स्वतः सोडायला जाते आणि तिची अम्मी मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. त्या माणसाला त्रास झाला नाही. तुला झाला.

तेव्हा धम्माचं नाव पुढं करू नकोस. जयंतीला तू विहारात शेवटचा कधी आला होतास ते आईला विचारलं, तर ती बोटं मोजायला लागली आणि मोजता मोजता तिनं विषय बदलला. वड्याचं तेल वांग्यावर काढू नये, दादा. तुला राग कशाचा आला हे मला ठाऊक आहे. मी दोरीपाशी होते, तुझी शाबासकी जशी ऐकली तसं वकीलसाहेबांचंही ऐकलं. लतिका मातीतून उठायच्या आधीच ते हसून म्हणाले, "अच्छा! तो शेखर जी, आप लोग बुद्धिस्ट हैं? कभी बताया नहीं आपने."

बस, एवढंच. वाईट मनानं म्हणाले की सहज, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते, तुझ्या बघत होते. तू हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस. रुमालानं मान पुसलीस आणि उठलास.

*

संध्याकाळ झाली. पोरींना सराव देऊन आले आणि पुन्हा लिहायला बसले. मघाशी लिहिलेलं वाचून बघितलं. वाटलं फाडावं, पण नाही फाडत.

मी नुसती तोंडाची वाफ दवडत नाही, तुझंही मला कळतं. राइट टाउनात पहिलं घर बघितलं होतंस तेव्हा मी तुझ्याबरोबर होते. मालकीणबाईंनी चावी हातात दिली, आडनाव विचारलं, तू 'गजभिये' म्हणालास, आणि आतून येऊन त्या म्हणाल्या की घरी अचानक पाहुणे येणार आहेत. चावी परत घेतली. घरी येऊन मी रडले, तुझ्यासाठी रडले. त्यानंतर तू दुसरं घर घेतलंस आणि दारावर पाटी लागली, 'चंद्रशेखर एल.' मी बघितली आणि गप्प बसले. मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे त्याला सुखानं. वहिनींनी बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत नेला तेव्हाही काही बोलले नाही. तो तुझा संसार, तू जाण.

पण दादा, आता ती झाकलेली मूठ तू लतिकाच्या तोंडावर ठेवायला निघालास. मार खाल्लास तू, आणि माफी मागायची तिनं? तीही विहारात, ज्यांना काही वाटलेलं नाही त्यांच्यासमोर? ज्यांच्यासमोर तुझी मान खाली गेली ते वकीलसाहेब विहारात थोडेच येणार आहेत! हे मी होऊ देणार नाही. तू मोठा आहेस, साहेब आहेस, लहानपणी मला खांद्यावर बसवून ग्वारीघाटाच्या जत्रेला नेणारा तूच आहेस. तरीही होऊ देणार नाही.

आई आत्ता येऊन विचारून गेली, "काय लिहून राहिली एवढं?" मी म्हटलं, दादाला पत्र. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मंग माहं बी एक लिह्य. म्हनावं, तुहा बाप भाड्याचं घर पाहाले जाये तं पहिले जात सांगे, मंग भाडं विचारे. लय घरं गेली. पन जे भेटलं त्यात आपन मान वर करून राह्यलो. अन् हेही लिह्य, का जेवत जाय टाइमावर." तिचं दोन्ही लिहिलं. तिला त्यात काही विसंगत वाटत नाही.

आता जे सकाळपासून लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

लतिका सुखरूप आहे म्हटलं ते खरं आहे. पण ती माझ्याकडे नाही. सामना संपल्यावर निवड समितीच्या मॅडम आमच्याकडे आल्या होत्या. हरलो तरी प्रदेशाच्या संघाच्या शिबिराला जबलपुरातून दोघींना बोलावलं, लतिका आणि नसरीन. शिबिर इंदूरला आहे. काल संध्याकाळी मी दोघींना गाडीत बसवलं. मॅडम बरोबर आहेत, मुलींचा वेगळा डबा आहे, नसरीनचे अब्बा इटारसीपर्यंत सोडायला गेले. तुला न विचारता पाठवलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि मला तुझा शब्द मोडून पाठवावं लागलं असतं. हे त्यापेक्षा बरं.

एकटीनं पाठवलं असं समजून माझ्यावर एकटीवर ओरडू नकोस. स्टेशनवर आणखी कोण आलं होतं ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की पोरीच्या पिशवीत बेसनाचे लाडू होते, त्यात वेलदोडा नेहमीसारखाच जास्त पडला होता, आणि देणारीनं लतिकाला जवळ घेऊन सांगितलं, "पुन्हा तेच तोंडात आलं तर येऊ दे. फक्त रेघ आधी गाठ." घरी तिला काही विचारू नकोस. भाजीला गेली होती म्हणेल. मान्य कर.

प्लॅटफॉर्मवर मॅडम यादीवर खुणा करत होत्या. लतिकाचं नाव शाळेत तू जसं घातलंस तसंच होतं, लतिका चंद्रशेखर. मॅडम म्हणाल्या, "बेटा, सरनेम खाली है. जर्सी पर क्या लिखवाएँ?" मी पुढं होऊन बोलणार होते, पण म्हटलं नको, हे तिचं तिनं ठरवावं. पोरीनं माझ्याकडे बघितलं नाही, लाडू देणारीकडेही बघितलं नाही. म्हणाली, "गजभिये. मैं लिख देती हूँ, लोग स्पेलिंग गलत करते हैं." आणि मॅडमच्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिलं.

तिला मी शिकवलं नव्हतं, दादा. शपथेवर सांगते. तिला ते आडनाव कधी लिहावंच लागलं नव्हतं, तरी एकही अक्षर चुकलं नाही.

शिबिर पंधरवडाभर आहे. त्यानंतर ती परत येईल तेव्हा स्टेशनवर कुणी जायचं हा प्रश्न आहे. तू यावंस असं मला वाटतं. तिलाही वाटतं, गाडी सुटताना तिनं खिडकीतून तेच विचारलं, "पापा येतील का घ्यायला?" मी म्हटलं, तुझ्या बापाचं मी कसं सांगू? ये, पण तिला उठवून न्यायला येणार असशील तर येऊ नकोस. तिचा खेळ कसा झाला हे विचारायला येणार असशील तर ये. तसं नसेल तर माझं घर आहे, आजी आहे, शाळा इथूनही जवळ पडते, मैदान त्याहून जवळ. ती इथंच राहील. मी तिला कुठंच पाठवणार नाही, विहारात माफी मागायला तर नाहीच नाही.

लोणच्याची बरणी द्यायची ठरवली. उद्या नथ्थू पुन्हा विचारायला येईलच, त्याच्याबरोबर पाठवते.

हे पत्र मात्र त्याच्या हाती देणार नाही. मुद्दाम पोस्टात टाकते. पाकिटावर तुझा पत्ता बरोबर लिहिला आहे, गल्ली, घर, सगळं. आणि नाव पूर्ण लिहिलं आहे, ठळक अक्षरांत, चंद्रशेखर लक्ष्मण गजभिये. त्या नावाची पाटी तुमच्या गल्लीत पोस्टमनला सापडणार नाही. तो विचारील. कदाचित वकीलसाहेबांच्याच फाटकाशी उभा राहून विचारील, "भाईसाहब, ये गजभिये कौन हैं?" तुझ्या बैठकीपर्यंत आवाज येईल. तेव्हा दार उघडून बाहेर ये आणि पत्र मागून घे.

पत्र माझ्याकडे परत आलं, तर मी ते लतिकाला दाखवणार नाही. पण स्टेशनवर मग मी एकटीच जाईन.

जयभीम.

तुझी धाकटी बहीण,
लता